शुभ्र दात आणि टिकाऊ दात

काव्यात दातांना कुंदकळ्यांची उपमा देण्याची परंपरा जुनी. परंतु महाराष्ट्रातील मागील पिढ्यांच्या सुवासिनी दातवण लावून तेच दात काळे करीत आणि तो शृंगाराचा भाग समजला जाई. जपानातही विवाहित स्त्रियांत दात काळे करण्याची चाल होती. १८७३ साली तेथील सम्राज्ञीने ती स्वतः सोडली, तेव्हापासून ती मागे पडत गेली. दातांच्या रंगाविषयी मनुष्याची आवड अशी बदलत आली. दात किडण्याची रीत मात्र बदलली नाही. मग दाताचा रंग पाहून त्याचे आरोग्य ओळखता येते काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकातील दंतवैद्यकाच्या इतिहासात सापडते.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर त्याला विद्रूप तपकिरी डाग दिसले. १९०९ पासून त्या काळचे थोर दंतशास्त्रज्ञ ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक त्याच्या शोधकार्यात सहभागी झाले. नवल असे की, हे डागाळलेले दात किडीला सहसा बळी पडत नसत. पिण्याच्या पाण्यातील अधिक फ्लोराइड हे त्या डागांचे कारण असल्याचे १९३१ साली सिद्ध झाले. दिसण्यात हीन ठरलेले दात टिकण्यात सरस निघाले! अर्थात फ्लोराइडचा अतिरेक हाडांनाही घातक ठरतो, हे हैदराबादजवळच्या नळगोंडा जिल्ह्याने फार सोसून जाणले आहे. तथापि अल्प प्रमाणात ते दाताचे रक्षण करते, हे ओळखून १९४५ साली ग्रँड रॅपिड्स या अमेरिकन शहराच्या पाण्यात ते मोजून मिसळण्यात आले.

फ्लोराइडचा लाभ दाताच्या गुळगुळीत बाजूंना अधिक मिळतो, दाढांच्या माथ्यावरील खाचांना तितकासा मिळत नाही. या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे अडकलेल्या अन्नातील साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि कीड सुरू होते. यावर थॅडियस हायट याने १९२३ साली उपाय सुचविला, तो असा की, कीड लागण्यापूर्वीच खाच कोरून भरून टाकावी. रक्षणासाठी निरोगी दातालाच इजा करण्याचा हा मार्ग होता.

याहून सौम्य मार्ग सापडला तो रंगकामातून. लोखंडावर रंग चांगला धरावा म्हणून कारखान्यांत त्यावर फॉस्फरिक आम्लाची क्रिया करीत. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर याने तीच युक्ती दातावर वापरली. आम्लाच्या क्षणिक स्पर्शाने दाताच्या कवचावर सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत राळेसारखा द्रव शिरतो आणि घट्ट धरतो, हे त्याने १९५५ साली दाखविले. ज्या आम्लामुळे दात झिजावयाचा, तेच दाताच्या रक्षणास साह्य झाले. पुढे १९६७ साली त्याने सहकारी क्वेटो याच्यासह दाढांच्या खाचांवर लेप देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका वर्षात कीड शेकडा ८६ ने घटल्याचे त्यांत आढळले. तो पहिला लेप तोंडातील ओलाव्यात फार टिकत नसे. परंतु राफाएल बोवेन याने तयार केलेल्या अधिक टिकाऊ राळेने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. आज दाढ स्वच्छ व कोरडी करून लेप देतात आणि प्रकाशाने तो घट्ट करतात. भूल लागत नाही, कोरावे लागत नाही. मात्र लेप निघाला तर नाही, हे वरचेवर पाहावे लागते.

दात शुभ्र करण्याच्या विद्येचा प्रवासही असाच आडवाटेने झाला. हिरड्यांच्या उपचारासाठी दिलेल्या पेरॉक्साइडच्या औषधाने दात उजळतात, असे अमेरिकेतील एका दंतवैद्याच्या ध्यानी आले. १९८९ साली हेवुड व हेमन यांनी शेकडा १० कार्बामाइड पेरॉक्साइड साच्यात भरून रात्री दातांवर बसविण्याची पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. हे द्रव्य दातात शिरून रंगीत कणांचे विघटन करते. त्याने काही काळ दात ठणकू शकतात. कृत्रिम दात किंवा भरलेली जागा त्याने उजळत नाही. आणि कीड तर त्याने मुळीच थांबत नाही.

दोन्ही उपचार एकाच दालनात मिळतात, म्हणून त्यांचे मोल एक होत नाही. शुभ्रता आरशात दिसते. खाचेतील लेप कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे जी पहिली कायमची दाढ उगवते, ती एकही दात न पडता मुकाट्याने येते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल, नवी येईल’ म्हणून निश्चिंत राहतात. ती दाढ पुन्हा येत नाही. हसण्यातील शुभ्रतेची चिंता वीस वर्षांनी केली तरी चालते. या दाढेची चिंता त्याच वर्षी करावी लागते.