पळाटीच्या धुरामागचा इतिहास

शेवटची वेचणी झाली की आमच्या मुखेड तालुक्यात कापसाच्या शेतात उरते ती पळाटी. थोडी चुलीपुरती घरी येते, उरलेली बांधाला पेटते. या धुराचा माग काढत गेलो, तर पोचलो थेट 1819 च्या फ्रान्समध्ये.

आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञानं तेव्हा जुन्या चिंध्यांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून साखर काढली. चिंधीतून साखर! पुढं 1838 मध्ये आन्सेल्म पायें यानं वनस्पतींमधला मूळ पदार्थ वेगळा केला. तोच सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळ म्हणा ना. रुईत तो नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. पळाटीत त्याच्या जोडीला हेमिसेल्युलोज आणि लिग्निन.

1846 मध्ये श्योनबाइननं कापसावर नायट्रिक आम्लाचा प्रयोग केला आणि त्याचा स्फोटक झाला. त्याच कुळातल्या नायट्रोसेल्युलोजवर पुढं सिनेमा उमटला. दादासाहेब फाळकेंचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा.

1949 मध्ये स्वीडनच्या बेंग्ट रॉन्बीनं पुन्हा गंधकाम्लच वापरलं, पण बेतानं. माळ पार तुटायच्या आत प्रक्रिया थांबवली, की विस्कळीत भाग विरघळतो आणि अतिसूक्ष्म, कणखर काड्या उरतात. जाडी काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कागद, पॅकिंग, प्लॅस्टिक यांना त्या बळकटी देतात.

हे ज्ञान आपल्यापासून लांब नाही. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची सरकारी प्रयोगशाळा आहे. पळाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र तिथं तयार झालं, नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्पही उभा राहिला. इकडं नांदेडनं उस्मानशाही मिल पाहिली, ‘नांदेड-44’ हे गाजलेलं संकरित वाण देशाला दिलं. पण मोल ठरलं ते फक्त रुईचं. पळाटीला कुणी भाव विचारला नाही.

अडचण रसायनाची कमी, गाडीभाड्याची जास्त. पळाटी हलकी, पण जागा खाणारी, शेतोशेती विखुरलेली. ती लांब न्यायची तर मालापेक्षा वाहतूकच महाग पडते. म्हणून मला वाटतं, तोडणी आणि भुसा करायचं काम तरी तालुक्यातच व्हायला हवं. नाहीतर रुईसारखीच पळाटीही कच्ची जाईल आणि तिची कमाई दुसऱ्याच गावात मोजली जाईल.