धान्याचे माप आणि न्यायाचे माप

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमच्या अगदी जवळ, साक्कोट्टै नावाचे गाव आहे. गाव लहान, परंतु त्याची परंपरा जुनी. तेथील शिवालयाचे स्थान कलयनल्लूर या प्राचीन नावाने तेवारम् स्तोत्रांत येते. आणि प्रलयकाळी वाहत आलेल्या अमृतकुंभाच्या ज्या कथेवरून कुंभकोणमला त्याचे नाव मिळाले, त्या कथेत या गावालाही वाटा आहे. सभोवार भाताची शेती. जेथे भात पिकतो तेथे तो मोजावा लागतो, आणि मोजणी आली की मापाचा तंटा आलाच. हा तंटा उद्भवू नये म्हणून चोळ राजांनी घेतलेली दक्षता तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरलेली आहे. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या मंदिराच्या शिलालेखांत देवाचे धान्य ‘आडवल्लान’ नावाच्या मरक्कालाने मोजावे असे सांगितले आहे, आणि हे माप ‘राजकेसरी’ या मापाबरोबर आहे, हेही नमूद केले आहे. आडवल्लान हे नटराजाचेच नाव. माप देवाच्या नावाचे असले, तरी ते केवढे हे दुसऱ्या ज्ञात मापाशी ताडून सांगितलेले बरे, एवढे व्यवहारज्ञान त्या लेखात आहे.

धान्याच्या बाबतीत जी दक्षता माणसाने हजार वर्षांपूर्वी घेतली, ती बलाढ्य व्यापारी कंपन्यांच्या वर्तनाचा न्याय करताना मात्र तो सहसा घेत नाही. तेथे कृत्य काय झाले याआधी ते कोणी केले हे पाहिले जाते. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण घरगुती खरी. पण राज्यांच्या, न्यायसभांच्या आणि बाजारपेठांच्या इतिहासातही तिचा प्रत्यय वारंवार येतो. साक्कोट्टै ज्या तंजावरच्या राज्यात मोडत असे, त्या मराठी राज्याचाच दाखला प्रथम घेता येईल.

हे राज्य मराठ्यांकडे आले ते १६७५-७६ च्या सुमारास. मदुरेच्या नायकाने घेतलेले तंजावर सोडवून तेथील नायक घराण्याच्या वारसास गादीवर बसवावे, या कामगिरीवर विजापूरकरांनी एकोजीराजांना पाठवले. त्यांनी तंजावर सोडवले, आणि पुढे गादीवर ते स्वतःच बसले. मराठी माणूस या घटनेस पराक्रम म्हणतो. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १७७३ मध्ये, अर्काटचा नबाब मुहंमद अली याच्यासाठी इंग्रज कंपनीच्या फौजेने तंजावर घेतले आणि तुळजाजीराजांना कैद केले. या घटनेस तोच मराठी माणूस लूट म्हणतो. दोन्ही प्रसंगांत फरक नाही असे नाही. एकोजींच्या वंशजांनी त्या भूमीला आपले घर मानले आणि विद्या-कलांना आश्रय दिला. तथापि मदतीच्या नावाने आत शिरून मालक होणे हे कृत्य दोन्हीकडे समान आहे, हे कबूल केल्यावाचून त्या फरकाची चर्चा प्रामाणिकपणे होऊ शकत नाही.

कंपनीच्या प्रकरणात पुढे जे घडले ते अधिकच बोधप्रद आहे. तंजावरच्या राजाने खंडणी थकवली, हा त्याच्यावरचा आरोप होता. परंतु ज्या नबाबासाठी ही वसुली व्हायची, तो स्वतः मद्रासमधील कंपनीच्याच नोकरांच्या खासगी कर्जात बुडालेला होता. लंडनच्या संचालकांना तंजावरचे हरण पसंत पडले नाही. त्यांनी लॉर्ड पिगट यांना गव्हर्नर म्हणून पाठवले आणि एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजींना गादी परत मिळाली. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाचा कंपनीचा एक नोकर पुढे आला, आणि तंजावरच्या महसुलावर व शेतात उभ्या असलेल्या पिकावर आपले २,३४,००० पौंडांचे येणे आहे असा त्याने दावा मांडला. पिगट यांनी तो मानला नाही. परिणामी ऑगस्ट १७७६ मध्ये मद्रास कौन्सिलातील बहुमतवाल्यांनी आपल्याच गव्हर्नराला अटक केली, आणि त्याच स्थितीत मे १७७७ मध्ये पिगट मरण पावले. संबंधित चार सभासदांवर पुढे इंग्लंडात खटला चालला. १७८० मध्ये प्रत्येकास एक हजार पौंड दंड झाला. राजाला थकलेल्या खंडणीबद्दल राज्य गमवावे लागले होते. गव्हर्नराला कैदेत टाकणारे हजार पौंडांत सुटले.

या प्रकरणी पार्लमेंटात सर्वात तीव्र आवाज उठवला तो एडमंड बर्क यांनी. १७८५ मधील अर्काटच्या नबाबाच्या कर्जांवरील त्यांचे भाषण इतिहासप्रसिद्ध आहे. पण हेच बर्क १७७३ च्या सुमारास कंपनीच्या सनदी हक्कांत सरकारने ढवळाढवळ करू नये असे म्हणत होते. शिवाय त्यांचे आप्त विल्यम बर्क हे मधल्या काळात तंजावरच्या राजाचे वकील झाले होते. विरोधकांनी याचा उच्चार करणे स्वाभाविक होते. मात्र फिर्यादीचे हात गुंतलेले आहेत एवढ्यावरून आरोपी निर्दोष ठरत नाही. बेनफील्डचा दावा हा बर्क यांच्या हितसंबंधांनी खरा होत नव्हता, तसा खोटाही होत नव्हता.

आज साक्कोट्टैच्या रहिवाशाच्या पिकावर कोणा कंपनीचा दावा नाही. परंतु त्याच्या हातातील फोन, त्यातील संदेश, वाटा, खरेदी आणि विक्री ही सारी दोन-चार परदेशी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून जातात, आणि त्या वापराच्या अटी तो ठरवत नाही. म्हणूनच या नव्या कंपन्यांचा न्याय कोणत्या मापाने झाला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पहिला मोठा खटला मायक्रोसॉफ्टचा. वैयक्तिक संगणकांच्या चालक-प्रणालीच्या बाजारात या कंपनीचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. महाजाल पाहण्यासाठी ब्राउझर लागतो, आणि त्या क्षेत्रात नेटस्केप ही लहान कंपनी पुढे होती. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजमध्येच बसवून टाकला, तो फुकट दिला, आणि संगणक बनवणाऱ्यांनी तो काढू नये असे करार केले. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार व अनेक राज्ये न्यायालयात गेली. जून २००० मध्ये न्यायमूर्ती टॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभराने, जून २००१ मध्ये, वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पण कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष मुख्यतः कायम ठेवला. त्याच निकालात जॅक्सन यांच्यावरही ठपका आला, कारण खटला चालू असताना त्यांनी वार्ताहरांशी गुप्तपणे चर्चा केली होती. न्यायाधीशही नियमाच्या मापातून सुटला नाही, ही या खटल्यातील विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

त्या काळी संगणक-जाणत्यांच्या जगात मायक्रोसॉफ्ट म्हणजे दुष्टाव्याचे प्रतीक होते. ॲपल आणि पुढे गूगल या कंपन्यांकडे त्याच वेळी कौतुकाने पाहिले जात असे. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला आणि २००८ मध्ये त्याचे ॲपचे दुकान उघडले. या फोनवर त्या दुकानावाचून दुसरीकडून ॲप घेता येत नसे. विक्रीतून बहुधा तीस टक्के हिस्सा कंपनी घेई. आणि कोणाचाही ब्राउझर असला तरी त्याचे आतले यंत्र ॲपलचेच असले पाहिजे, असा नियम होता. मायक्रोसॉफ्टने स्पर्धकाचा ब्राउझर निदान बसवू तरी दिला होता. तरीही ॲपलच्या नियमांना बराच काळ ‘सुरक्षितता’ आणि ‘सुबकपणा’ अशी गोड नावे मिळाली. गूगलने अँड्रॉइड फुकट दिले. मात्र ज्या निर्मात्यास गूगलचे ॲप-दुकान हवे, त्याने गूगलचा शोध आणि ब्राउझरही फोनमध्ये आधीच घातला पाहिजे, असे करार केले. याला बरीच वर्षे ‘खुलेपणा’ म्हटले गेले. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये त्यास ४३४ कोटी युरोंचा दंड लावला, तेव्हा जुन्या खटल्याशी असलेले साम्य सर्वांच्या नजरेस आले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार असल्याचा निर्णय दिला, तोही २००१ च्या मायक्रोसॉफ्ट निकालाच्या आधारे. शोधाची पहिली जागा मिळावी म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर वाटले होते, हे त्या खटल्यात उघड झाले. त्यातील मोठा वाटा ॲपलकडे जात होता.

भूमिकांची अदलाबदल तर नाट्यपूर्ण आहे. १९९८ मधील आरोपी मायक्रोसॉफ्ट २०११ मध्ये गूगलविरुद्ध युरोपात तक्रारदार झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे प्रमुख सत्या नडेला अमेरिकी न्यायालयात गूगलविरुद्ध साक्ष देण्यास उभे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलने मायक्रोसॉफ्टच्या परवाना-अटींविरुद्ध युरोपात तक्रार नोंदवली. बर्क यांच्याप्रमाणेच येथेही फिर्यादीचे हात गुंतलेले आहेत. पण तेवढ्याने फिर्याद पोकळ ठरत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. एकच कृत्य लहानाने केले तर बाजारास इजा होत नाही, बलाढ्याने केले तर होते. मग दोघांना निरनिराळा नियम लावणे हा पक्षपात कसा? तो पक्षपात नव्हेच. १९९७ मध्ये ॲपल इतकी खचलेली होती की खुद्द मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवले. त्या ॲपलने स्वतःचा ब्राउझर सोबत दिला असता, तर कोणाचेच नुकसान झाले नसते. भारताचा २००२ चा स्पर्धा कायदाही वर्चस्व असणे हा गुन्हा मानत नाही. वर्चस्वाचा दुरुपयोग हा गुन्हा मानतो. म्हणून शक्ती किती आणि तिने इजा कोणाला झाली, हे पाहणे मापातच येते. मापाबाहेर राहिली पाहिजे ती आवड-नावड: कंपनी कोणत्या देशाची, तिचे प्रमुख कोण, तिची वस्तू देखणी की ओबडधोबड, फुकट की विकत.

भारतातील अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तमिळनाडूतील, चेन्नईच्या भारत मॅट्रिमनी या विवाहजुळणी-व्यवसायाने २०१२ मध्ये गूगलविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगाने काही आरोप मान्य केले, काही नाकारले, आणि १३५.८६ कोटी रुपये दंड केला; दोन सदस्यांनी असहमतीही नोंदवली. तक्रारदार आपला आणि आरोपी परका, म्हणून सर्वच आरोप खरे ठरले नाहीत, यात त्या निकालाची प्रतिष्ठा आहे. पुढे १९ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने भारतातच वाढलेल्या मेकमायट्रिप समूहास २२३.४८ कोटी आणि ओयोस १६८.८८ कोटी रुपये दंड केला. हॉटेलांनी इतरत्र स्वस्त दर देऊ नयेत अशा अटी घालणे आणि स्पर्धक साखळ्यांना यादीतून वगळणे, हे त्या प्रकरणातील आरोप होते. दुसऱ्याच दिवशी, २० ऑक्टोबरला, अँड्रॉइडच्या करारांबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड झाला. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला, परंतु आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या. लागोपाठच्या दोन दिवशी देशी आणि परदेशी यांना एकाच कायद्याने मोजले गेले. अशा निकालांत चूक राहिली असेल तर ती अपिलात दाखवता येते, कारण माप कोणते लावले हे सर्वांना ठाऊक असते.

लोकमताला मात्र अपील नसते. परदेशी कंपनीची दडपेगिरी ऐकून संतापणारा ग्राहक देशी कंपनीच्या तशाच अटींना ‘धडाडी’ म्हणतो, आणि आपल्या संगणकावरील अनधिकृत प्रतीबद्दल अवाक्षर काढत नाही. या दुटप्पीपणाची किंमत कंपन्या भरत नाहीत. एका कंपनीच्या द्वेषापोटी दुसरीस मोकळीक दिली की निषिद्ध ठरलेली प्रथा नव्या मालकाकडे जाते आणि पुन्हा दंड होईपर्यंत पंधरा-वीस वर्षे लोटतात. मायक्रोसॉफ्टवरील २००१ चा निकाल आणि गूगलवरील २०२४ चा निकाल यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात नेटस्केपसारख्या किती लहान कंपन्या उगवण्याआधीच सुकल्या, याची नोंद कोणत्याही न्यायालयात नाही. चोळांच्या शिलालेखात देवाच्या मापालाही राजकेसरीशी ताडून घेतले होते. आवडत्या कंपनीच्या बाबतीत तेवढी ताडणी करण्याची तयारी ठेवणे, एवढीच अपेक्षा सुजाण नागरिकाकडून आहे.