माळवद, गच्ची आणि स्लॅब

'नियम धाब्यावर बसवले' असे आपण सर्रास बोलतो. पण ज्यावर नियम नेऊन बसवायचे ते धाबे आता किती जणांनी पाहिलेले असेल? नव्या पिढीला धाबा म्हटले की हायवेवरची दाल-रोटीच आठवते. धाबे म्हणजे घराचे सपाट मातीचे छप्पर. खानदेश-विदर्भात त्याला धाबे म्हणतात, आमच्या मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवद. कोकणातल्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटेल, कारण त्यांच्याकडे उतरते कौलारू छप्पर. तिकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथे मातीचे सपाट छप्पर एक पावसाळासुद्धा काढणार नाही. लातूर-उस्मानाबादकडे सात-आठशे मिलिमीटर पडला तरी लोक पीकपाणी बरे म्हणतात. छपराचा आकार धर्म ठरवत नाही, पाऊस ठरवतो. म्हणूनच दाभोळचा मुसलमान आणि दाभोळचा ब्राह्मण एकाच तऱ्हेच्या कौलाखाली राहिला, आणि औशाचा मुसलमान औशाच्या मराठ्यासारखाच माळवदाखाली.

हे इतके साधे असूनही दख्खनच्या मुसलमानांच्या इतिहासाची चर्चा निघाली की ती घुमटापासून सुरू होते आणि घुमटापाशीच संपते. गुलबर्ग्याची १३६७ ची जामी मशीद, सगळीच्या सगळी छपराखाली घेतलेली आणि घुमटांनी झाकलेली, विजापूरचा गोलघुमट, औरंगाबादचा बीबी का मकबरा. या इमारतींविषयी कोणाला अभिमान वाटतो तर कोणाला राग येतो. पण त्या इमारतींत कोणी राहत नव्हते. अत्तार, तांबोळी, पिंजारी, मुलाणी, बागवान ही माणसे जिथे जन्मली, निजली आणि मेली त्या छपराचा इतिहास कोणी लिहिला नाही. आम्हाला इथे त्या छपराविषयी थोडे लिहायचे आहे.

माळवद कसे घालत? आधी लाकडाचा सांगाडा उभा करीत. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. याला कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचे ते खणांवर. पाच खणांचे घर, सात खणांचे घर. ऐपत असेल तर लाकूड सागाचे, नसेल तर बाभळीचे किंवा लिंबाचे. पाट परवडत नसतील तर कड्यांवर तुराट्या नाहीतर बांबू अंथरायचे, वर लिंबाचा पाला आणि त्यावर माती. माती ओली करून पसरायची, धुम्मसाने ठोकायची आणि पाणी पन्हळीकडे जाईल इतका हलका उतार द्यायचा. पन्हळ भिंतीपासून चांगली लांब काढायची, नाहीतर तेच पाणी भिंतीच्या बुडाशी मुरते. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी मध्ये एक भोक ठेवायचे, ते सवणे. पाऊस आला की त्यावर झाकण घालायला कोणीतरी पळायचे.

माती मात्र कुठलीही चालत नसे. शेतातली काळी माती तर मुळीच नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने तडकते आणि मग प्रत्येक भेगेतून पाणी खाली येते. माळवदाला लागे ती पांढरी माती. गावठाणाला आपण 'पांढरी' म्हणतो ते याच मातीवरून. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, त्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, जनावरांचे मलमूत्र सगळे एकावर एक साचत गेले, त्याची ही भुरी, खारट माती. खानदेशात धाब्यावर 'खारी' टाकतात तीही अशीच खारट माती. या मातीतल्या सोडियमच्या क्षारांनी, पाणी लागताच मातीचे बारीक कण सुटे होतात आणि मधली छिद्रे बुजवून टाकतात. पहिल्या सरींनी वरचा पापुद्रा असा बसला की पुढचे पाणी आत न शिरता वाहून जाते. हे रसायन आमच्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हते. माती चिमटीत घेऊन, जिभेला लावून त्या ती पारखत.

म्हणजे जिवंत माणसांच्या डोक्यावर मेलेल्या वस्तीची माती होती. तेर, पैठण, नेवासे इथली जुनी टेकाडे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना महत्त्वाची, पण गावकऱ्यांना ती घरावर आणि शेतात टाकायच्या मातीची खाण. सातवाहनांच्या काळातली माती अशी कितीतरी माळवदांवर चढली असेल! इतिहासाची नासाडी म्हणायची ती म्हणा. इतिहास वापरण्याची हीही एक रीत होती.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मातीऐवजी चुना वापरला. 'गच्ची' हा आपला रोजचा शब्द मूळ फारसी 'गच'वरून आला. गच म्हणजे चुन्याचा गिलावा. बैलाने फिरवायच्या घाणीत चुना मळायचा, त्यात विटांची सुरखी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालायचा, आणि गच्चीवर पसरून बायकांनी ओळीने बसून लाकडी थापीने दिवसचे दिवस चोपायचे. चोपता चोपता पाणी वर येते, चुना दाट होतो. वाडे, कचेऱ्या, श्रीमंतांच्या हवेल्या यांवर अशा गच्च्या होत्या, आणि लहान मशिदींवरही. तीन कमानी, दोन आखूड मिनार आणि वर चुन्याची सपाट गच्ची, अशा मशिदी दख्खनमध्ये जागोजागी दिसतात. पुढे रेल्वे आली, लोखंडी तुळया मिळू लागल्या, तेव्हा सोलापूर-गुलबर्ग्याकडे तुळयांवर शहाबादी फरशी टाकून त्यावर चुन्याचा कोबा करण्याची रीत पडली. मुंबईच्या जुन्या चाळींच्या कागदपत्रांत 'लादीकोबा' म्हणून जे लिहिलेले असते ते याच जातीचे.

माळवदाला वर्षाला हात लागे. वैशाख-ज्येष्ठात, मृग लागायच्या आधी, जुनी भेगाळलेली माती उकरायची, गवताची मुळे काढायची आणि नव्या मातीच्या पाट्या वर चढवायच्या. पाट्या वाहणाऱ्या बहुतेक बायकाच. हे काम कुठल्या दस्तऐवजात नोंदलेले नाही. पण माळवदाची खरी मालकीणही बाईच होती. शेजारच्या घरांची माळवदे एकमेकांना लागून असत. गल्लीत न उतरता, बुरख्याचा किंवा डोक्यावरच्या पदराचा प्रश्न न येता, एका घरची बाई चौथ्या घरी जाऊ शके. पापड, कुरडया, ईदच्या शेवया वाळायच्या त्या तिथे. रमजानचा चांद पाहायला आख्खा मोहल्ला वर, आणि शेजारची हिंदू पोरेही आमच्याआधी 'दिसला, दिसला' म्हणून ओरडायला हजर. उन्हाळ्यात रात्री सगळे घर वर निजे. पुरुषांना मशीद होती, पार होता, चावडी होती. बायकांना मोकळे आकाश मिळे ते एवढेच.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेश विसर्जन करून गावे नुकती निजली होती. तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर जिल्ह्यात आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसे दगावली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगात दरवर्षी अनेकदा होतो तेवढाच. इतकी माणसे का मेली? लोकांनी उत्तर लगेच दिले, माळवदाने मारले.

हे उत्तर निम्मे खरे आहे. हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे सुमारे साडेचार टन. पडलेल्या घरांत एक ते अडीच फूट जाडीचे थर आढळले. एवढी माती कोणी एका वेळी घातलेली नव्हती. जुनी उकरून काढायची रीत मागे पडली. गळते म्हणून आणखी एक थर, पुढच्या वर्षी आणखी एक, असे बापाने घातले, मुलाने घातले. जुनी माती खाली उतरवणे नवी चढवण्याइतकेच कष्टाचे, म्हणून ती तशीच राहिली.

पण उरलेले निम्मे उत्तर भिंतीत होते. दोन-दोन, चार-चार फूट जाडीच्या भिंती. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, मध्ये चिपा आणि चिखल. दोन्ही तोंडे सांधणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसताच ही दोन तोंडे एकमेकांपासून सुटली आणि निजलेल्या माणसांवर कोसळली. उलट जिथे छपराचा भार भिंतीवर नसून खांबांवर होता आणि खांब बुडाशी कुजलेले नव्हते, तिथे भिंती पडूनही लाकडी सांगाडा माळवदासकट उभा राहिल्याचे तज्ज्ञांनी नोंदवले आहे. जुन्या सुताराची समज बरोबर होती. खांबाने छप्पर धरायचे, भिंतीने फक्त आडोसा करायचा. पुढे लाकूड महागले, भिंतीलगतचे खांब गाळून तुळया सरळ भिंतीत घुसवल्या गेल्या, आणि सुताराचे शहाणपण तिथे सुटले. सरकारच्या नकाशावर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात गेला.

दुरुस्तीच्या कार्यक्रमात माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळयांना तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार दगड घाला असे सल्ले दिले गेले. ते शास्त्रशुद्ध होते. पण ज्यांनी ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढली त्यांना माळवदाखाली पुन्हा निजायला कसे सांगणार? लोकांना स्लॅब हवा होता. तो मिळेपर्यंत पत्रा. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे द्यायचे ते जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याहून जास्त असलेल्यांना ७५०. गावगाड्यात कारागिरी आणि फेरी-बाजार करून जगणाऱ्या मुसलमान कुटुंबांपैकी पुष्कळांच्या नावावर जमीन नव्हतीच. त्यांच्या वाट्याला २५० आले. रुंद रस्ते, सुटी सुटी घरे. छपरावरून छपरावर जाणे संपले. ही तक्रार पुनर्वसनाच्या कुठल्या अर्जात लिहिता येण्यासारखी नव्हती, आणि जीव वाचलेल्यांनी ती करावी असे त्यांनाही वाटले नसणार.

स्लॅबने सुरक्षितता दिली, प्रतिष्ठाही दिली. 'स्लॅबचं घर आहे' हे आमच्याकडे सोयरीक जुळवताना सांगायचे वाक्य झाले. उन्हाच्या बाबतीत मात्र माळवदाची सर त्याला नाही. फूटभर मातीतून दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत रात्र होते. पत्रा तत्क्षणी तापतो. आणि चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते निजलेल्यांवर ओकत राहतो.

पण आमची चिंता उन्हाची नाही, वजनाची आहे. स्लॅब टाकला की काम संपले अशी समजूत आहे. उतार दिला जात नाही. वास्तविक शंभर फुटांना एक फूट एवढा उतार तरी हवा, म्हणजे वीस फुटांच्या गच्चीला अडीच इंच. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गवंडी 'वाटा' मारतो, तो गोलसर सांधा घाईत राहून जातो. पन्हळीच्या जागी आलेला पाइप पालापाचोळ्याने तुंबतो. चार पावसाळ्यांनी स्लॅब गळू लागतो. पाणी आतल्या लोखंडाला लागले की ते गंजते, गंजून फुगते, आणि खालचा गिलावा ढपल्यांनी पडतो. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घेतात. तोही काही वर्षांनी गळतो, आणि त्यावर दुसरा कोबा चढतो.

चार इंचांच्या कोब्याचे वजन चौरस फुटाला अठरा-वीस किलो. माणसांच्या वापराची गच्ची गृहीत धरताना भारतीय मानकानुसार इंजिनिअर जो फिरता भार धरतो तो चौरस मीटरला दीडशे किलो, म्हणजे चौरस फुटाला चौदाच्या आसपास. पहिल्या कोब्याचे वजन हिशेबात धरलेले असते, दुसऱ्याचे नसते. शिवाय हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी एक टन. ती खांबाच्या किंवा भिंतीच्या डोक्यावर न ठेवता गच्चीच्या मधोमध, हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवलेली असते. दुकानाच्या गच्चीवर तर मालही रचतात.

तेव्हा घर किंवा दुकान बांधणाऱ्याने गवंड्याला रंग आणि टाइल्स विचारण्याआधी दुसरेच काही विचारावे. उतार कुठून कुठे देणार? पाणी बाहेर काढायला किती पाइप ठेवणार? स्लॅबवर आळी करून पाणी किती दिवस ठेवणार? आणि कोबा झाल्यावर पाइप बुजवून, दोन-तीन दिवस गच्चीत पाणी भरून दाखवणार की नाही? जुन्या घराची गळती असेल तर अजून एक प्रश्न. जुना कोबा फोडून खाली उतरवणार, की त्यावरच नवा घालणार? फोडायला मजुरी जास्त पडेल, आठवडाभर धूळ उडेल, राडारोडा उचलायला ट्रॅक्टर लागेल आणि शेजारी कुरकुरतील. गवंडी बहुधा म्हणेल, 'त्याच्यावरच मारू, काही होत नाही.'