काहिलीतली उडी

डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनपटांचा इतिहास सांगताना 'द ब्लॅक कॉल्ड्रन' (१९८५) बहुधा अपयशाच्या रकान्यात टाकला जातो. खर्च सुमारे ४.४ कोटी डॉलर, अमेरिकेतील तिकीटविक्री सुमारे २.१ कोटी. पालकांना सावध करणारे 'पीजी' प्रमाणपत्र मिळालेला हा डिस्नेचा पहिला अ‍ॅनिमेशनपट. चित्रपट फार भीषण होता, मुलांसाठी नव्हताच, असे कारण सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. मुलांना काय झेपते याचा हिशेबच येथे चुकीच्या जागी मांडला गेला. तो कसा, हे कथेतील एकाच प्रसंगाचा माग काढला तर दिसते.

कॉल्ड्रन म्हणजे प्रचंड भांडे. आपल्या गुऱ्हाळातील काहील डोळ्यांसमोर आणावी. या काहिलीतून मेलेले सैनिक उठतात. जिवंत जीवाने आपणहून तीत उडी घेतली तरच तिची शक्ती संपते. उडी कोणी घ्यायची, हा या कथेचा गाभा.

तिचे मूळ वेल्श भाषेतील 'मॅबिनोगी'च्या कथांत आहे. चौदाव्या शतकातील हस्तलिखितांत त्या आढळतात. मी त्या इंग्रजी भाषांतरातून वाचल्या. ब्रॅन्वेनच्या कथेत आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटते. काहिलीत टाकलेला मृत योद्धा दुसऱ्या दिवशी लढायला उभा राहतो, पण त्याची वाचा गेलेली असते. या अनर्थाला कारणीभूत असतो एव्हनिसिएन. आपल्याला न विचारता बहिणीचे लग्न ठरवले म्हणून त्याने आयरिश राजाचे घोडे विद्रूप केलेले असतात. शेवटी आपली माणसे मरताना पाहून तो शत्रूच्या प्रेतांत लपतो आणि त्यांच्याबरोबर काहिलीत टाकला जातो. आत तो सर्व बळानिशी अंग ताणतो. काहिलीचे चार तुकडे होतात आणि त्याचे काळीजही फुटते. ही उडी म्हणजे प्रायश्चित्त आहे.

दुसऱ्या महायुद्धात लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन तरुणाचे काही लष्करी प्रशिक्षण वेल्समध्ये झाले. पुढे वेल्श पुराणकथांच्या आधारे त्यांनी १९६४ ते १९६८ या काळात मुलांसाठी पाच कादंबऱ्या लिहिल्या. दुसरी 'द ब्लॅक कॉल्ड्रन', १९६५ची. तिच्यात एलिडिर नावाचा निर्धन, गर्विष्ठ राजपुत्र आहे. कीर्तीच्या हव्यासापोटी तो सोबत्यांचे श्रेय हिसकावतो आणि अखेरीस स्वतःच काहिलीत झेपावतो. तो मरतो, परत येत नाही. या पुस्तकाला न्यूबेरी सन्मान मिळाला आणि मालिकेच्या शेवटच्या पुस्तकाला १९६९चे न्यूबेरी पदक. हे पुरस्कार बालसाहित्यासाठी अमेरिकेतील ग्रंथपाल देतात. म्हणजे अपराधी माणसाचा खराखुरा मृत्यू मुलांपासून लपवला पाहिजे, असे त्यांना वाटले नव्हते.

चित्रपटात एलिडिर नाही. त्याच्या जागी उडी घेतो गर्गी, केसाळ, खादाड, लाडका प्राणी. त्याच्यावर कसलाही डाग नाही. आणि शेवटी चेटकिणींशी देवघेव होऊन तो जिवंतही होतो.

आता कात्रीकडे येऊ. १९८४ मध्ये जेफ्री कॅट्झेनबर्ग डिस्नेच्या चित्रपट विभागाचे प्रमुख झाले. चाचणी-खेळात मृत सैनिक उठण्याच्या दृश्याने लहान मुले घाबरली, तेव्हा त्यांनी काटछाट सांगितली. निर्माते जो हेल यांनी विरोध केला. कॅट्झेनबर्ग स्वतःच संकलनाला बसले. मायकेल आयस्नर यांना मध्ये पडावे लागले. अखेर सुमारे १२ मिनिटे कापली गेली आणि १९८४च्या नाताळात येणारा चित्रपट जुलै १९८५ मध्ये आला.

त्या खेळात घाबरलेल्या मुलांची भीती खरीच होती. चार वर्षांच्या मुलाला सांगाडा म्हणजे सांगाडा; त्यामागचा अर्थ तेव्हा त्याच्या कामाचा नसतो. म्हणून वयाची पाटी हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण कात्री फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपर्यंत पोहोचते. या कथेतील जे खरे नाहीसे झाले, ते संकलनाच्या टेबलाआधी, पटकथेतच. प्रायश्चित्त गेले, मृत्यूचे अटळपण गेले. उरले धुके, सांगाडे आणि परत मिळणारा त्याग. भय राहिले, त्याचे मोल राहिले नाही. मोठ्या मुलांना त्यात धरून ठेवण्यासारखे काही नव्हते आणि धाकट्यांना तो तरीही भीतिदायकच होता. ज्यांच्यासाठी कात्री चालवली, त्यांनाही तो पूर्णपणे मिळाला नाही.

आपल्याकडे २०२३च्या कायदादुरुस्तीने 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. हे चांगलेच झाले. मात्र चित्रात किती काळोख आहे, एवढेच त्या आकड्यांवरून कळेल. चूक केलेल्याला कथेत भरपाईची वाट आहे का आणि त्या वाटेची किंमत कथा प्रामाणिकपणे सांगते का, हे मोठ्यांनाच पाहावे लागेल. अलेक्झांडर यांच्या पुस्तकात एलिडिर मेल्यावर वाचणारे मूल काही काळ गप्प होत असेल. त्या गप्प होण्यापासून मुलाला वाचवायचे की तेव्हा त्याच्याजवळ बसायचे, हा निर्णय कोणतेही मंडळ आपल्यासाठी घेऊ शकत नाही.