अतिप्रदान वसुली
सरकारी कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारकाला चुकून जादा दिलेली रक्कम परत घेण्याची कारवाई. महाराष्ट्रात अशी चूक पुष्कळदा निवृत्तीच्या तोंडावर, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेल्यावर उघडकीस येते. वेतननिश्चिती चुकवते कार्यालय आणि कात्री लागते उपदानाला. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह (२०१४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कर्मचाऱ्याने फसवणूक केली नसेल तर, तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे, तसेच वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले प्रदान यांना संरक्षण दिले. ते न्याय्यच होते. मात्र परतफेडीचे हमीपत्र लिहून दिलेल्या निवृत्ताला ते मिळत नाही, असे जगदेवसिंग प्रकरणात (२०१६) ठरले. म्हणून नोटीस येताच हिशेबाचा तक्ता मागावा, हमीपत्र तपासावे आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी.