तांब्याचा वायसर

१९७३ नंतर पेट्रोल एवढं महागलं, की लोक जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेऊ लागले. डिझेलची ॲम्बेसेडर आली ती १९८० च्या सुमारास. विहिरीवरच्या इंजिनासाठी आमच्या घरी डिझेलचं बॅरल असायचंच, म्हणून दादांनीही एक जुनी डिझेल गाडी घेतली.

एका पावसाळ्यात वहिनी अडल्या आणि बघतो तर गाडीखाली तेलाचं थारोळं! ऑइल कुलरच्या पाइपाला पोकळ बोल्ट असतो, त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर. थोडं पाझरत होतं म्हणून आदल्या दिवशी मीच तो जोर लावून आवळला होता. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग कितीही आवळा, गळणारच. नवे वायसर तालुक्याला, दहा कोसांवर.

लोहारमामांनी भट्टी पेटवली. वायसर लालभडक करून पाण्यात सोडले. पोलादाच्या नेमकं उलट, तांबं असं केल्यावर मऊ पडतं. बोल्ट बेतानं आवळला, विहिरीच्या इंजिनाचं ठेवणीतलं ऑइल ओतलं, गाडी चालू करून बोट फिरवलं. कोरडं.

दादा मला काही बोलले नाहीत. फक्त हातातला पाना काढून घेतला. उजाडता उजाडता पुतणी झाली.