मोठा दुष्काळ आणि गाठीचा ताप

बेळगाव-निपाणीच्या परिसरात जुनी माणसे काळ मोजीत ती सनावरून नव्हे, संकटांवरून. ‘मोठ्या दुष्काळात’, ‘गाठीच्या तापात’, ‘मानमोडीत’ एवढे म्हटले की ऐकणारास काळ उमगे. पहिला १८७६ ते ७८ चा दुष्काळ. दुसरा १८९६ साली मुंबईत उद्भवून पुढे या भागात पोचलेला प्लेग. तिसरा १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मराठी घरात ज्याला दुष्काळ म्हणत त्याला शेजारच्या कन्नड घरात बरगाल म्हणत. भूक दोन्ही घरी एकच होती.

या लोकस्मृतीत शहाणपण होते. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडावे आणि शेतात झोपड्या घालून राहावे, ही रीत प्लेगने खेडोपाडी रुजविली. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. शास्त्रज्ञांचा वाद मिटण्यापूर्वीच शेतकरी उंदीर पाहून बिऱ्हाड हलवीत होता.

पण स्मृती सर्वच जपते असे नाही. पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेत. दुष्काळही दैवी कोपच मानला जाई. १८७६ साली पावसाने दगा दिला हे खरे. मजुरी मात्र आकाशाने कमी केली नव्हती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील मजुराच्या वाट्याला दिवसाकाठी रत्तलभर धान्य आणि वर थोडे पैसे एवढेच येऊ लागले. इलाख्यातील अनेक मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. दिवसभर खडी फोडणारा माणूस एवढ्यावर जगेल काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता.

म्हणून आजीची गोष्ट आणि सरकारी दप्तर ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावयास हवीत. ते दिवस पाहिलेली माणसे आता उरली नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेली नातवंडे-पतवंडे मात्र आज वृद्ध होऊन आपल्यात आहेत. शाळेतील मुलांनी त्यांच्यापाशी बसावे आणि ती मराठीत सांगतील तर मराठीत, कन्नडात सांगतील तर कन्नडात, सारे उतरून घ्यावे. आपले पूर्वज कसे वाचले हे त्यातून कळेल. जे वाचले नाहीत, ते केवळ पावसाअभावी गेले नाहीत, हेही मुलांना कळले पाहिजे.